रात्री झोपायचं कुठं? मिलिंद महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षांबद्दल

पोस्ट मोठी आहे. निवांत असाल तेव्हा वाचा.

सध्या कॉलेज प्रवेशाचे दिवस आहेत. तालुक्याच्या चौकाचौकात संस्थांचे फ्लेक्स लागलेत. 'प्रवेश देणे आहे', 'भव्य इमारत', 'निसर्गरम्य परिसर', वर अध्यक्षांचा फोटो, खाली सचिवांचा. हे फ्लेक्स बघताना मला दरवर्षी एका कॉलेजची आठवण येते. ते सुरू झालं तेव्हा त्याला स्वतःची इमारत नव्हती आणि नीट नावसुद्धा नव्हतं. 'पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज' म्हणून ओळखलं जायचं. औरंगाबादचं मिलिंद महाविद्यालय. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे, पण गोष्ट तेव्हाची आहे म्हणून तेव्हाचंच नाव वापरतो.

मिलिंदबद्दल बोलायचं म्हटलं की आपल्याकडं दोन प्रकारची माणसं भेटतात. एक, ज्यांना फक्त बाबासाहेबांनी काढलेलं कॉलेज एवढंच माहीत असतं. दुसरी, ज्यांना तेही माहीत असतं आणि ते 'त्यांचं' कॉलेज आहे असंही वाटत असतं. दोघांच्याही हातून मूळ मुद्दा निसटतो. तो मुद्दा म्हणजे हे कॉलेज कुठल्या अडचणीवर उपाय म्हणून काढलं होतं.

अडचण समजून घ्यायची तर १९५० च्या मराठवाड्यात जावं लागेल.

मराठवाडा तेव्हा महाराष्ट्रात नव्हता, हैदराबाद राज्यात होता. पाच जिल्हे. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद. जालना, लातूर, हिंगोली हे जिल्हे फार नंतरचे. रझाकारांचा काळ संपून आणि सप्टेंबर १९४८ ची पोलीस अ‍ॅक्शन होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. बाजारात अजून निजामाचा हाली रुपया चालत होता. सरकारी भाषा उर्दू होती, ती आता बदलत होती. आपल्याकडचे जुने लोक अजूनही 'दरखास्त', 'फौत', 'इजलास' असले शब्द सहज बोलतात, ते तिथून आलेले. १९५१ च्या जनगणनेत या राज्यात शंभरातल्या दहा माणसांनासुद्धा लिहितावाचता येत नव्हतं. ही सगळ्या राज्याची सरासरी, हैदराबाद शहर धरून. मग गावकुसाबाहेरच्या वस्तीत काय असेल ते तुम्हीच बघा.

विद्यापीठ एकच, हैदराबादचं उस्मानिया. १९१८ साली सुरू झालेलं, उर्दू माध्यमाचं. त्या काळात देशी भाषेतून उच्च शिक्षण देणं ही मोठीच गोष्ट होती, ते श्रेय निजामाला द्यायला हवं. पण मराठी, तेलुगू, कानडी घरातल्या पोराला ती भाषा परकीच. औरंगाबादला १९२३ पासून एक सरकारी कॉलेज होतं, उस्मानियाला जोडलेलं. 'बाबा-ए-उर्दू' म्हणून ओळखले जाणारे मौलवी अब्दुल हक तिथं प्राचार्य होते. म्हणजे दर्जाला काही कमी नव्हती. पण ते बराच काळ इंटरमिजिएटपर्यंतच होतं. पुढं शिकायचं तर मनमाड-काचीगुडा मीटर गेजच्या गाडीत बसायचं आणि हैदराबाद गाठायचं. तिथं राहायचं, खायचं. हा खर्च देशमुख-पाटलाच्या पोरांना झेपायचा, वकिलाच्या, तहसीलदाराच्या पोरांना झेपायचा. बाकीच्यांचं शिक्षण मॅट्रिकच्या आधीच संपायचं. त्यात पोलीस अ‍ॅक्शननंतर उस्मानियाचं माध्यम इंग्रजी झालं. उर्दूत शिकलेली अख्खी पिढी एका रात्रीत पुन्हा पहिलीत येऊन बसली म्हणा ना.

अशा वेळी, म्हणजे १९५० साली, मराठवाड्यात दोन टोकांना दोन कॉलेजं निघाली. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेनं नांदेड एज्युकेशन सोसायटीचं पीपल्स कॉलेज. ज्यात पुढं नरहर कुरुंदकर शिकवायला आले आणि प्राचार्यही झाले. आणि औरंगाबादला बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज. दोन्हीकडं 'पीपल्स' हा शब्द आहे हे गमतीचं आहे. तो त्या काळाचाच शब्द होता. संस्थान गेलं होतं, आता लोकांचं काहीतरी उभं करायचं होतं. नांदेडच्या कॉलेजवर स्वतंत्र लिहायला हवं, कधीतरी लिहीन. आज औरंगाबादचंच.

आता बाबासाहेब आणि शिक्षणसंस्था हा विषय थोडा मागून घेतो, कारण औरंगाबादचा निर्णय एकाएकी झालेला नाही.

बाबासाहेबांनी आधी काय काढलं? कॉलेज नाही. शाळाही नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढलं. १९२८ मध्ये दलित वर्ग शिक्षण संस्था स्थापन झाली, तिच्यामार्फतही वसतिगृहंच चालवली, धारवाड, नाशिक, पनवेल अशा ठिकाणी. ज्या माणसानं कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतल्या, त्याला कॉलेज काढायची हौस नसेल का? पण त्यांनी वीस वर्षं वसतिगृहांवर काढली. कारण हायस्कूल तालुक्याला असायचं, ते सरकारी असलं तर कायद्यानं दार उघडं असायचं, पण खेड्यातून आलेल्या महाराच्या, मांगाच्या, चांभाराच्या पोराला त्या गावात भाड्यानं खोली कोण देणार? खाणावळीत ताट कोण वाढणार? शाळेत नाव घालणं ही अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी म्हणजे शाळा सुटल्यावर संध्याकाळी जायचं कुठं.

हे फक्त बाबासाहेबांनाच कळलं होतं असं नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून एकेका जातीची बोर्डिंगं उभी केली, ती याच कारणासाठी. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत बसवली. आपल्याकडचा बहुजनांच्या शिक्षणाचा इतिहास हा खरं म्हणजे बोर्डिंगांचा इतिहास आहे. शाळा-कॉलेजांची नावं आपण लक्षात ठेवतो, बोर्डिंगं विसरतो.

दुसरी गोष्ट पैशाची. १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी लॉर्ड लिनलिथगोंना एक सविस्तर निवेदन दिलं. अस्पृश्य वर्गाच्या तक्रारी आणि मागण्या अशा स्वरूपाचं. त्यात उच्च शिक्षणाच्या मदतीचा मुद्दा होता. त्यातून वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद आली आणि अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकनंतरची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती सुरू झाली. आज ज्याला आपण 'जीओआय' म्हणतो, कॉलेजच्या ऑफिसातला क्लार्क ज्याला 'भारत सरकार' म्हणतो ('तुझं भारत सरकार आलं का रे?'), तिचं मूळ तिथं आहे. स्वातंत्र्याच्या आधी.

तिसरी पायरी पीपल्स एज्युकेशन सोसायटी. स्थापना ८ जुलै १९४५. पुढच्याच वर्षी, जून १९४६ मध्ये, मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. महायुद्धात लष्करानं उभ्या केलेल्या बराकी रिकाम्या पडल्या होत्या, त्यात वर्ग भरले. सिद्धार्थचं एक वैशिष्ट्य होतं, सकाळचे वर्ग. मुंबईतला गरीब विद्यार्थी दिवसा नोकरी करायचा. गिरणीत, गोदीत, सरकारी कचेरीत. त्याच्याकडं राहायला जागा होती, दहा बाय दहाची का असेना. नव्हता तो वेळ. म्हणून कॉलेजनं आपला वेळ बदलला.

मला वाटतं, सिद्धार्थ आणि मिलिंद या दोन कॉलेजांतला फरक इथं आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. मुंबईत अडचण वेळेची होती, म्हणून उपाय सकाळच्या वर्गांचा. मराठवाड्यात अडचण जागेची होती. घर चाळीस कोस लांब, शहरात ओळखीचं कुणी नाही, खोली मिळत नाही. म्हणून इथं कॉलेजसोबत वसतिगृहं उभी राहिली, आणि ती कॉलेजइतकीच महत्त्वाची मानली गेली. एकाच संस्थेनं, एकाच माणसाच्या डोक्यातून, चार वर्षांच्या अंतरानं काढलेली दोन कॉलेजं, आणि दोघांची घडण वेगळी. कारण पोरांची अडचण वेगळी होती.

मराठवाड्यातली अडचण बाबासाहेबांना ऐकीव माहितीवर कळलेली नव्हती. ३० डिसेंबर १९३८ ला कन्नड तालुक्यात मक्रणपूरला दलितांची परिषद झाली होती, भाऊसाहेब मोरे यांनी पुढाकार घेऊन भरवलेली. निजामी राजवटीत असली परिषद भरवणं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. त्या परिषदेला बाबासाहेब आले होते. 'जय भीम' हा शब्द मोरे यांनी तिथं दिला असं आमच्या भागात अभिमानानं सांगतात. म्हणजे १९५० च्या आधी बारा वर्षं इथल्या माणसांशी त्यांचं नातं जुळलेलं होतं.

तर जून १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज सुरू झालं. कला आणि विज्ञान दोन्ही. आणि इमारतीची कोनशिला बसली १ सप्टेंबर १९५१ ला, राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते.

या दोन तारखा परत वाचा. आधी वर्ग सुरू झाले. सव्वा वर्षानं कोनशिला. आपल्याकडं हल्ली उलटं असतं. कोनशिला असते, कमान असते, अध्यक्षांच्या वडिलांचा पुतळा असतो, आणि भौतिकशास्त्राला मास्तर नसतो.

कोनशिलेच्या त्या दिवशी बाबासाहेब देशाचे कायदामंत्री होते. २७ सप्टेंबरला, म्हणजे सव्वीस दिवसांनी, त्यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल अडवलं गेलं हे त्यातलं मोठं कारण. जानेवारी १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत ते मुंबईतून पडले. तब्येत खालावत चालली होती. मिलिंदची पहिली वर्षं ही त्यांच्या आयुष्यातली अशी शेवटची वर्षं आहेत. दिल्लीत जे हातातून सुटत होतं, त्याच काळात औरंगाबादच्या माळावर हे काम चाललं होतं. त्यात ते नुसते संस्थापक म्हणून नव्हते. ते औरंगाबादला येत, मुक्काम करत, बांधकामात जातीनं लक्ष घालत.

माळ म्हणजे खरोखर माळ. शहराच्या कडेला, पाणचक्कीपासून पुढं, एका बाजूला बीबी का मकबरा, मागं डोंगर आणि त्या डोंगरात बुद्धलेणी. अजिंठा-वेरूळच्या मानानं ही लेणी लहान, पर्यटक तिकडं फारसे वळत नाहीत. पण कॉलेजच्या परिसरातून तो डोंगर दिसतो. जागा निवडताना हे मनात असेल का? माझा अंदाज, असणार. पुढं त्या परिसराला नागसेनवन नाव दिलं आणि कॉलेजला मिलिंद, हे बघता तो डोंगर त्यांना दिसत नव्हता असं म्हणवत नाही.

माणसं कशी जमवली ते बघण्यासारखं आहे. पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस. ते दलित नव्हते. बाबासाहेबांच्या संस्थांत हे सुरुवातीपासून होतं. विद्यार्थी सगळ्या जातींचे आणि मास्तरही सगळ्या जातींचे, निकष शिकवता येतं का एवढाच. ज्यांना मिलिंद हे एका समाजाचं कॉलेज वाटतं त्यांनी हे ध्यानात घ्यावं. दलित पोरांसाठी जागा करणं हा हेतू होताच, तो कधी लपवला नाही. पण अख्ख्या मराठवाड्याच्या गरीब पोरासाठी ते दार उघडं होतं आणि त्या दारातून सगळे आत गेले.

दुसरं नाव बळवंतराव वराळे. हे धारवाडच्या वसतिगृहाचे अधीक्षक. बाबासाहेबांचे जुने विश्वासू. बाबासाहेबांनी त्यांना औरंगाबादला बोलावून घेतलं आणि ते कुटुंबासह धारवाडहून इकडं आले. (सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती प्रसन्न वराळे हे त्यांचे नातू. त्यांनी स्वतः हे जाहीरपणे सांगितलंय, की बाबासाहेबांच्या सांगण्यावरून आजोबा औरंगाबादला आले म्हणून आमचं घर घडलं.) आता विचार करा. नवीन कॉलेज उभं करताना धारवाडहून माणूस बोलवायचा तर कुणाला बोलवतील? कुठला नावाजलेला प्रोफेसर, असं आपल्याला वाटेल. त्यांनी वसतिगृह चालवलेला माणूस बोलावला. धान्य किती लागतं, आजारी पोराला रात्री दवाखान्यात कोण नेतं, मेसचं बिल थकलं तर काय करायचं, घरून पैसे न आलेलं पोर तोंड लपवून जेवायला येत नाही हे कसं ओळखायचं, हे ज्याला अनुभवानं ठाऊक आहे असा माणूस. माझ्या मते मिलिंदची पहिली पिढी टिकली त्यात या निवडीचा वाटा प्राध्यापकांच्या निवडीएवढाच आहे.

शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि मास्तर. या तीन गोष्टी एका जागी आल्या तेव्हा पहिल्यांदा असं झालं, की मराठवाड्यातल्या खेड्यातला, हाताला काही नसलेला पोरगा पिशवी घेऊन औरंगाबाद स्टेशनवर उतरला आणि पदवीधर होऊन बाहेर पडला. मराठवाड्यातलीच नाही, विदर्भ-खानदेशातली पोरंही इथं येऊन राहिली. त्यातले कितीतरी मास्तर झाले, वकील झाले, अधिकारी झाले, कार्यकर्ते झाले. मराठवाड्यात पन्नाशी-साठीच्या दशकात शिकलेल्या दलित घरांचा मागोवा घेतला तर बहुतेक घरांच्या मुळाशी नागसेनवनातली एखादी खोली निघते.

आता नावाबद्दल. हे मला सगळ्यात जास्त आवडतं.

मिलिंद म्हणजे संस्कृतात भुंगा. पुण्या-मुंबईकडं मुलांची नावं मिलिंद ठेवली जातात ती बहुधा त्या अर्थानं. पण कॉलेजचा मिलिंद भुंगा नाही, राजा आहे. ग्रीक राजा मिनँडर, ज्याची राजधानी सागल नगरी होती, आजच्या पाकिस्तानातल्या सियालकोटच्या भागातली. हा राजा वादविवादात कुणाला हार जायचा नाही. मग त्याची गाठ भिक्खू नागसेनाशी पडली आणि दोघांत जे प्रश्नोत्तर झालं तो पाली भाषेतला ग्रंथ 'मिलिंदपञ्ह', म्हणजे मिलिंदाचे प्रश्न.

त्यात सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. राजा म्हणतो, भन्ते, माझ्याशी चर्चा कराल का? नागसेन म्हणतो, पंडितासारखी करणार असशील तर करीन, राजासारखी करणार असशील तर नाही. राजा विचारतो, फरक काय? नागसेनाचं म्हणणं असं, की पंडितांच्या चर्चेत कुणाचं म्हणणं खोडलं जातं, कुणाची चूक दाखवली जाते, पण रागावत कुणी नाही. राजाच्या चर्चेत जो विरोधात बोलतो त्याला शिक्षा होते. राजा कबूल होतो. मी पंडितासारखाच बोलेन म्हणतो.

हे नाव कुठं दिलंय बघा. जिथं काही वर्षांपूर्वीपर्यंत निजामाचं राज्य होतं. जिथं गावात पाटलापुढं, देशमुखापुढं मान वर करून बोलायची सोय नव्हती. तिथल्या पोरांच्या कॉलेजला एका राजाचं नाव दिलं, आणि राजा कसला, तर प्रश्न विचारणारा आणि हरल्यावर न रागावणारा. परिसराला नाव दिलं त्याला उत्तर देणाऱ्या भिक्खूचं. नागपूरचं धर्मांतर १४ ऑक्टोबर १९५६ चं. हे नामकरण त्याच्या आधीचं. म्हणजे दिशा ठरलेली होती.

प्रश्न विचारायची सवय लागली की ती फक्त वर्गात राहत नाही. प्राचार्य चिटणीसांनी 'युगयात्रा' नावाचं नाटक लिहिलं, ते मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी केलं आणि बाबासाहेबांनी पाहिलं. दलित रंगभूमीचा इतिहास लिहिणारे बरेच जण सुरुवात या नाटकापासून धरतात. प्राचार्यानं नाटक लिहायचं, पोरांनी करायचं आणि संस्थापकानं खुर्चीत बसून बघायचं, हे स्नेहसंमेलन! आमच्याकडं हल्ली स्नेहसंमेलनात डीजे असतो.

पुढं साठच्या दशकात म. ना. वानखेडे प्राचार्य झाले. गंगाधर पानतावणे नागपूरहून मराठी शिकवायला आले. वानखेडे-पानतावणे आणि त्यांच्या भोवतीच्या मंडळींनी 'अस्मिता' हे नियतकालिक काढलं, तेच पुढं 'अस्मितादर्श' झालं. पानतावण्यांनी ते पुढं अनेक दशकं चालवलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ते गेले. दलित साहित्य म्हटलं की आपण मुंबई म्हणतो, कामाठीपुरा म्हणतो, पँथर म्हणतो. ते बरोबरच आहे. पण पँथर १९७२ ची. त्याच्या आधी नागसेनवनात लिहिणारे, छापणारे आणि एकमेकांचं लेखन खोडून काढणारे जमले होते. खोल्या होत्या म्हणून संध्याकाळी बसायला जागा होती. साहित्याच्या इतिहासात ही गोष्ट कुणी लिहीत नाही, की चळवळीला रात्री नऊनंतर पेटता दिवा असलेली एक खोली लागते.

विद्यापीठाचंही तसंच. मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं २३ ऑगस्ट १९५८ ला. पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन, पहिले कुलगुरू डोंगरकेरी. म्हणजे औरंगाबादेत बाबासाहेबांचं कॉलेज आधी आलं, विद्यापीठ आठ वर्षांनी. विद्यापीठाला जायचा रस्ता नागसेनवनाच्या अंगावरून जातो. त्याच विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात काय झालं, किती घरं जळली, ते आमच्या पिढीला लहानपणापासून ऐकून माहीत आहे. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, इथं लिहीत नाही. एवढंच म्हणतो, की ज्या भागात विद्यापीठ नव्हतं तेव्हा ज्यानं कॉलेज आणलं, त्याचं नाव द्यायला त्या भागानं सोळा वर्षं घेतली.

'मिलिंदपञ्ह'मध्ये एक रथाचा दाखलाही आहे, प्रसिद्ध आहे. नागसेन राजाला विचारतो, तू रथातून आलास ना, मग रथ कुठंय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? प्रत्येकाला राजा नाही म्हणतो. त्यातून नागसेन काढतो तो अर्थ फार खोल आहे, माझ्या आवाक्याबाहेरचा. पण बातमीदार म्हणून मला तो दाखला भलत्याच ठिकाणी आठवतो. कॉलेजांच्या तपासणीला समिती येते तेव्हा. इमारत म्हणजे कॉलेज का? कमान म्हणजे? संगणक कक्षाच्या दाराला लावलेली पाटी म्हणजे? समिती येणार म्हणून दोन दिवसांसाठी आणून बसवलेली पुस्तकं म्हणजे?

वीस वर्षं मी तालुक्याला बातमीदारी करतोय. या काळात आमच्या तालुक्यातली कॉलेजं वाढली. जागा वाढल्या. आज आमच्याकडं बारावी पास झालेल्या पोराला कुठंच प्रवेश मिळाला नाही असं होत नाही, उलट मास्तर लोकच उन्हाळ्यात वाड्यावस्त्यांवर हिंडून पोरं गोळा करतात. कारण पटसंख्या दाखवायची असते. वर्गात शिकवायला मात्र तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. नेट-सेट झालेले, पीएच.डी. झालेले, तासावर पैसे आणि तेही महिनोन् महिने न मिळणारे. संध्याकाळी ते दुसरा काहीतरी धंदा बघतात. असा मास्तर पोरांसोबत नाटक लिहीत बसेल ही अपेक्षाच चुकीची.

वसतिगृहांचं काय? समाजकल्याणची वसतिगृहं आहेत, जागा ठरलेल्या. यादी लागते, त्याच्या बाहेर राहिलेल्यांसाठी २०१६-१७ पासून बाबासाहेबांच्याच नावाची 'स्वाधार' योजना आहे. वसतिगृह मिळालं नाही तर राहण्याजेवणाचे पैसे थेट खात्यावर. योजना म्हणून चांगली आहे, मी तिच्या बाजूनं लिहिलेलं आहे. पण हप्ता कधी येतो? खोलीवाला भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला मागतो, खाणावळवाला अ‍ॅडव्हान्स मागतो. आणि सरकारी हप्ता मार्चएण्डला नाहीतर पुढच्या वर्षी. पोरगं तोपर्यंत गावाकडं परत गेलेलं असतं, परीक्षेला तेवढं येतं. 'जीओआय'चंही तेच. अर्ज पोर्टलवर, त्रुटी पोर्टलवर, पैसे वाऱ्यावर.

गेल्या जूनमध्ये एका तांड्यावरच्या मुलीची बातमी करायला गेलो होतो. चांगले मार्क, बी.एस्सी.ला प्रवेश मिळालेला, फी माफ. घरचे ऊसतोडीला जाणारे. तिचा बाप मला म्हणाला, 'साहेब, प्रवेशाचं झालंय. पोरगी रातच्याला ऱ्हाणार कुटं, तेवढं सांगा.' शेवटची एसटी सव्वापाचला सुटते आणि प्रॅक्टिकल पाचला संपतं. मी बातमी केली, आत छापून आली. मुलगी आता घरी आहे.

बापाचा तो प्रश्न १९२५ च्या सोलापुरातला आहे, १९५० च्या औरंगाबादचा आहे.

एक विनंती आहे. मिलिंदची पहिली दहा-पंधरा वर्षं ज्यांनी बघितली अशी माणसं आता नव्वदीच्या आसपास आहेत, रोज एकेक कमी होतंय. तुमच्या घरात, गल्लीत, नात्यात कुणी त्या काळात नागसेनवनात राहिलं असेल तर त्यांच्यापाशी बसा आणि लिहून घ्या. भाषणं नकोत, ती छापलेली आहेत. खोलीत किती जण होते, मेसचं बिल किती यायचं आणि कोण भरायचं, शिष्यवृत्ती कुठल्या महिन्यात मिळायची, दिवाळीला घरी जायला भाडं नसलं तर काय करायचे, आजारी पडल्यावर कुणी बघितलं, कुठला मास्तर संध्याकाळी खोल्यांवर चक्कर मारायचा. असं सगळं. जुनी मेसची वही, पास, फोटो काही सापडलं तर फोटो काढून मला पाठवा. आणि आजोबा-आजींना ऐकू कमी येत असेल तर जरा मोठ्यानं विचारा, पण आजच विचारा.